अर्धी तेफिला

आमचे हे, म्हणजे रहमिम मास्तर, सकाळी प्रार्थनेला उभे राहिले की घराला आग लागली तरी मागं वळून बघणार नाहीत, असं मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझ्या आईला पत्रातून कळवलं होतं. आईनं उलट टपाली लिहिलं, देवभोळा नवरा मिळाला, नशीब समज. तिला लिहायला काय जात होतं? ती रेवदंड्याला, भावांच्या, जावांच्या, चार आपल्या माणसांच्या गराड्यात. मी पुणतांबा आणि बेलापूर यांच्या मधल्या एका एवढ्याशा स्टेशनात, जिथं आमच्या जातीचं दुसरं कुत्रंदेखील नव्हतं.

आम्ही बेने इस्राएल. यहुदी म्हणा. कोकणात आमच्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी आमचे घाणे बंद. इकडं देशावर लोकांना तेवढंही ठाऊक नव्हतं. आम्ही मुसलमानही नाही आणि किरिस्तावही नाही, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. शेवटी मी सांगणंच सोडून दिलं. "मास्तरीणबाई वेगळ्याच हायेत," एवढ्यावर सगळ्यांचं भागायचं.

ह्यांचं मात्र एकट्यानंही काही अडत नव्हतं. आमची प्रार्थना, म्हणजे तेफिला, दहा पुरुष जमल्याशिवाय पुरी होत नाही असं शास्त्र. दहांत म्हणायचं ते सगळं सोडून जेवढं एकट्याला म्हणता येतं तेवढं हे रोज म्हणत. पहाटेच्या गाडीला लाइन क्लिअर, म्हणजे मागच्या स्टेशनाला गाडी सोडायची परवानगी, दिली, की गाडी येईपर्यंतच्या वीस-पंचवीस मिनिटांत स्टेशनाला लागूनच असलेल्या क्वार्टरात यायचं, हात धुवायचे, शाल पांघरायची. मग त्या दोन काळ्या चामडी डब्या काढायच्या. एक कपाळावर बांधायची, एक डाव्या दंडावर, आणि तिची वादी मनगटापर्यंत गुंडाळत आणायची. डब्यांत चर्मपत्रावर लिहिलेली देवाची वचनं. त्या ह्यांच्या आजोबांच्या. कुणीतरी येरुशलेमहून आणून दिलेल्या. मला त्यांना हात लावायची भीती वाटे आणि ह्यांना सकाळी त्या नसल्या तर श्वास घेता येत नसे.

आधी दावीदाची स्तोत्रं मोठ्यानं. त्यातलं एक ह्यांचं फार लाडकं. माझ्यासाठी त्याचा मराठीत अर्थही सांगत: उजाडलं की माझा आवाज तुझ्यापाशी पोचतो, मी माझं सगळं तुझ्यापुढं मांडतो आणि वाट बघत राहतो. "ऐकलंस?" म्हणत, "मांडायचं आणि वाट बघायची. मागं लागायचं नाही." हा टोमणा मला असे. मी मुळातच धसमुसळी. दूध तापायला ठेवलं तरी चारदा पातेल्यात डोकावणारी. वाट बघणं हा प्रकार मला देवानं दिलाच नाही, आणि ज्यानं तो दिला नाही त्याच्याचकडं तो मागायचा कसा, हे मला कधी कळलं नाही.

स्तोत्रं झाली की उभी प्रार्थना. तिच्यात पाय जुळवून उभं राहायचं, ओठांतल्या ओठांत म्हणायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही. माझे सासरे सांगत, पायाला सापानं विळखा घातला तरी हलू नये. मी मनात म्हणे, साप शहाणा असेल तर तोही कंटाळून जाईल.

हे सगळं आज गमतीनं लिहिते आहे. त्या दिवशी गंमत नव्हती.

बेचाळीस सालचा सप्टेंबर. लढाई चालू, त्यात ऑगस्टपासून जागोजाग तारा तोडणं, रूळ उखडणं. स्टेशनावर रोज नवं फर्मान येई. आमची मिलका आठ वर्षांची. तिला तीन दिवस ताप होता, घसा दुखत होता. आदल्या दिवशी संध्याकाळी बेलापूरचे डॉक्टर आले, चमचा तोंडात घालून बत्तीच्या उजेडात त्यांनी बघितलं आणि चमचा काढताना त्यांचा हात थांबला. घशात पांढरा पापुद्रा धरला होता. "घटसर्प," म्हणाले. "सीरमचं इंजेक्शन द्यायला हवं. ते माझ्याकडं नाही, नगरच्या दवाखान्यात मिळेल. उद्या दुपारच्या आत न्या." दुपारनंतर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. रात्रीची पॅसेंजर लढाईमुळं बंद झालेली. नगरची मोटार पेट्रोलच्या टंचाईपायी दिवसाआड, आणि तो दिवस नेमका आडचा. राहिली सकाळची सात वीसची पॅसेंजर.

पाच वाजता हे ड्यूटीवर गेले आणि पंधरा-वीस मिनिटांत परत आले. चेहरा बघूनच मी उठले.

"पॅसेंजर मनमाडला अडकवून ठेवलीय," म्हणाले. "मिलिटरीच्या गाड्या आधी सोडतायत. दुपारी दोनच्या आत येत नाही."

"आणि त्या मिलिटरीच्या गाड्या कुठं चालल्यात?"

"नगरलाच. रणगाड्यांची एक स्पेशल आत्ता येईल. पण ती इथं थांबत नाही."

"मग थांबवा."

ह्यांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं.

"अहो, सिग्नल तुमच्या हातात आहे. थांबवा ती गाडी."

"मिलिटरीची गाडी आहे. हुकमाशिवाय थांबवली तर नोकरी तर जाईलच, पण दिवस असे आहेत, की घातपात म्हणून आत टाकतील. मी मनमाडला तार केलीय. सगळं लिहिलंय. परवानगी आली की थांबवतो."

"आणि नाही आली तर?"

"येईल. सांगून झालंय, आता वाट बघू."

मला वाटलं, ह्यांच्या डोक्यात लोटाभर पाणी ओतावं. देव झाला, आता रेल्वेसुद्धा! दोघांपुढं मांडायचं आणि दोघांची वाट बघायची!

मिलकाला मी ओसरीवरच्या बाजेवर आणून निजवलं, जरा मोकळी हवा मिळेल म्हणून. तिचा श्वास आत जाताना शीळ वाजत होती. बोलणं कालपासूनच बंद. नुसती माझ्याकडं बघत होती. मान सुजून जबड्याला मिळाली होती. मी ओसरीवरून स्टेशनावर जाई, तारेच्या टेबलाशी उभी राही, यंत्र गप्प असे, की परत ओसरीवर. रात्रपाळीचा पोर्टर बन्सी नुकताच सुटला होता, पण घरी गेला नव्हता. "बाई, तार आली तर म्या पळत येतो, तुमी बसा पोरीजवळ," म्हणाला. पण मी बसणार कशी? किती फेऱ्या घातल्या ते एक ती खडी जाणे.

पावणेसहाला पुणतांब्यानं स्पेशलसाठी लाइन क्लिअर मागितली आणि ह्यांनी दिली. लालमहंमदला सिग्नल पाडायला सांगितलं. लालमहंमद आमचा पॉइंट्समन, पंचावन्नचा, पांढऱ्या दाढीचा. त्यानं दांडा ओढला, सिग्नलचा हात खाली आला. गाडीला रस्ता मोकळा. हे क्वार्टरात आले. मला वाटलं, मिलकाला बघायला आले. आले, तिच्या कपाळावर तळवा ठेवला, आणि आत जाऊन हात धुवायला लागले.

मला खरंच वाटेना. "तुम्ही आत्ता प्रार्थना करणार आहात?"

"मग आत्ताच नको का?" म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. शाल, डब्या, वादी. मग स्तोत्रं. रोजच्याच आवाजात, रोजच्याच संथपणे. "...मांडतो आणि वाट बघत राहतो."

मी स्टेशनावर धावले. तार नाही. परत आले तर हे उभे होते. पाय जुळवलेले, ओठ हलतायत, डोळे मिटलेले. मी जाऊन शालीचं टोक धरलं आणि ओढलं. "अहो, परवानगी येत नाही. तुम्ही सांगा लालमहंमदला. एक शब्द. नुसती मान हलवा."

मान हलली नाही.

लालमहंमद माझ्यामागून दाराशी आला होता. तो सांगायला आला होता, की गाडी पुणतांब्याहून सुटून दहा मिनिटं झाली, तार आली नाही, काय करू. त्यानं ह्यांना बघितलं आणि चप्पल काढून उंबऱ्याबाहेरच थांबला.

"लालमहंमद, तू टाक सिग्नल वर. मी सांगते."

"बाई, मास्तरच्या सबदाबिगर म्या दांड्याला हात नाय लावायचा. ते निमाजीत हायेत. हुंद्या त्यांचं."

"पोरगी मरतेय रे!"

त्याचे डोळे भरून आले. "दिसतंय मला. पर उब्या निमाजीतल्या मानसाला बोलावू न्हाई, बाई. तुमी सोडा त्यांची शाल."

मी सोडली. त्या क्षणी मला नवऱ्याचा राग आला असं म्हणणं खोटं होईल. मला त्यांची किळस आली. आणि ज्याच्यापुढं ते उभे होते त्याला मी मनातल्या मनात जे बोलले ते कागदावर लिहिणार नाही. एवढंच सांगते, की त्याला मी त्या सकाळी पोरीच्या बापापेक्षा परका मानला नाही. दोघांनाही सारख्याच शिव्या घातल्या.

ओसरीवर येऊन मिलकाचं डोकं मांडीवर घेतलं. तिचे ओठ काळसर व्हायला लागले होते. लांब पुलावर गाडीनं शिट्टी दिली. "मेली गं माझी बाय," असं मी मोठ्यानं म्हटलं, तिच्यादेखत. आईनं असं म्हणू नये. मी म्हटलं.

आणि हे माझ्या शेजारून गेले.

अनवाणी, शाल एका खांद्यावर, कपाळावर डबी, हाताला वादी, तसेच. ओसरीची पायरी न उतरता उडी मारून खडीवर, आणि खडीवरून धावत. ह्यांना धावताना मी तोवर कधी बघितलं नव्हतं. स्टेशनमास्तर धावत नाहीत, त्यांची गाडी चुकत नसते. लालमहंमद त्यांच्यामागं. ह्यांनी त्याला बाजूला सारलं, आणि स्वतः दांडा उलटा फेकला. सिग्नलचा हात खाडकन आडवा झाला. मग गार्डासारखा लाल बावटा घेऊन रुळाच्या कडेला उभे राहिले. इंजिनानं जे काय ओरडायचं ते ओरडून घेतलं. चाकांतून ठिणग्या उडाल्या. अर्धी गाडी स्टेशनाच्या पुढं गेली, पण थांबली.

थांबल्यावर आमची गाडी आगीतून फुफाट्यात. बंदुका घेतलेले शिपाई टपाटप उतरले. मागून एक तरणा गोरा साहेब, तोंड लालभडक. त्याला काय दिसलं? निर्जन स्टेशन, कारणाशिवाय अडवलेली लष्करी गाडी, आणि ती अडवणारा हा दाढीवाला इसम, ज्याच्या कपाळावर काळी पेटी आणि दंडावर दुसरी, तिच्यातून निघालेली पट्टी हाताला गुंडाळलेली. साहेबाच्या तोंडून एकच शब्द निघाला. "वायरलेस!"

ह्यांनी इंग्रजीत सांगितलं. हे प्रार्थनेचं आहे, मी यहुदी आहे, माझी मुलगी आजारी आहे, तिला नगरला न्यायचंय. एका दमात सांगितलं. साहेबानं पिस्तूल ह्यांच्या छातीकडं धरलं आणि डबीकडं बोट दाखवलं. उघड.

"ती उघडत नाही," हे म्हणाले. "शिवलेली आहे. उघडली तर ती प्रार्थनेच्या कामातून जाते."

"उघड."

मी मिलकाला दुलईत गुंडाळून तिथवर आणलं होतं. एवढं मात्र मला तेव्हाही समजत होतं, की मागितलं काय जातंय. इकडं डबी पुन्हा शिवणारा कुणी नाही. पुण्यात नाही, मुंबईत असला तर असेल, आणि लढाईत परदेशातून नवी येणं शक्य नाही. आजोबांचा हात लागलेली वस्तू. मला वाटलं, आता हे पुन्हा गप्प होतील आणि पुन्हा वाट बघतील.

ह्यांनी लालमहंमदकडं हात केला. "चाकू दे."

त्यानं कमरेचा चाकू दिला. ह्यांनी कपाळावरची डबी सोडली, ओठांना लावली आणि टाके उसवायला लागले.  केसांनी बांधलेल्या बारक्या गुंडाळ्या बाहेर आल्या. साहेबानं एक उलगडली. काळी काळी, कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. आम्हाला वाटलं सुटलो. त्याला वाटलं, सापडलं. सांकेतिक लिपी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. "ह्याला नगरला घेऊन चला," असं तो शिपायांना म्हणाला.

"जरूर घ्या," हे म्हणाले. "मला घ्या, ह्या दोघींनाही घ्या. फक्त आता उशीर करू नका."

तेव्हा कुठं साहेबानं माझ्याकडं बघितलं. बोलणं थांबलं होतं, इंजिन धापा टाकत होतं, आणि त्यातूनही मिलकाच्या श्वासाची शीळ ऐकू येत होती. तो दोन पावलं जवळ आला. दुलई जरा बाजूला केली, लगेच झाकली. मग त्यानं स्वतः ओरडून गार्डाचा डबा उघडायला लावला.

ह्यांनी किल्ल्या बन्सीच्या हाती दिल्या आणि दोन शिपायांच्या मधे बसले. मी समोर मिलकाला घेऊन. गाडी राहुरी सोडून गेली तरी मी ह्यांच्याशी बोलले नाही. उघडी डबी त्यांच्या रुमालात होती. तोंड उघडलं असतं तर लाज, राग, माया यांतलं काय बाहेर पडलं असतं याची मलाच खात्री नव्हती.

नऊ वाजायच्या आत दवाखान्यात इंजेक्शन मिळालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुपारी आला असता तर मी सुईच काढली नसती.

ह्यांना तीन दिवस कोठडीत ठेवलं. शेवटी पोलिसांनी गावातल्या एका म्हाताऱ्या पाद्र्याला बोलावलं, त्याला इब्री, म्हणजे आमच्या शास्त्राची भाषा, वाचता येई. त्यानं भिंग लावून त्या गुंडाळ्या वाचल्या आणि लिहून दिलं, की यात गुप्त असं काही नाही, यात देव एकच आहे असं लिहिलंय आणि ते आम्हीही मानतो. त्याच दिवशी मनमाडहून तारेचं उत्तर आलं: परिस्थिती गंभीर असल्यास गाडी थांबवण्यास हरकत नाही. वरातीमागून घोडं! नोकरी राहिली. पगारवाढ दोन वर्षं रोखली आणि बदली केली, ते चालायचंच.

हे सुटून दवाखान्यात आले ते तिन्हीसांजेला. मिलका झोपली होती, श्वास शांत चालला होता. हे बाकावर बसून तिच्याकडं बघत राहिले. मी भाकरी वाढली, खाल्ली. 

सकाळी उजाडलं. मी डोळे उघडले तर हे बाकावरच बसलेले. शाल घडी केलेली मांडीवर.

"आज उभं राहायचं नाही?" मी विचारलं.

"कोणत्या तोंडानं?"

"डबी उसवली म्हणून? हातावरची आहे की शाबूत."

"डबीचं नाही गं." ह्यांनी शालीची घडी उलगडून पुन्हा घातली. मग हळू आवाजात म्हणाले, "वीस वर्षं त्याला सांगत आलो, तुझ्यापुढं मांडतो आणि वाट बघतो. तुलाही शिकवत आलो. त्या दिवशी उभा होतो, आणि आजाऱ्यांना बरं कर असं म्हणायची जागा आली. ते शब्द माझ्या तोंडातून निघेनात. शिट्टी ऐकली आणि पळालो. एकदाच काय ती खरी वाट बघायची वेळ आली, आणि माझा धीर सुटला. त्याच्यावर माझा भरवसा नव्हता, हेच कळलं. आता रोजचं नाटक कशाला?"

मला इतका संताप आला, की वॉर्डातल्या चार बायका जाग्या झाल्या. "पुरुषासारखे पुरुष तुम्ही, आणि हे रडगाणं! तुम्ही पळाला नसतात तर मी तुमचं तोंड बघितलं नसतं जन्मात! तेवढं एकच तुम्ही धड केलंत, आणि त्याचीच लाज वाटते तुम्हाला?"

"हळू बोल."

"नाही बोलत हळू!"

"आई." खाटेवरून आवाज आला. खरखरीत, फाटका, पाच दिवसांत पहिल्यांदा. आम्ही दोघंही जागच्या जागी थिजलो.

मिलका छताकडं बघत होती. "बाबा पळत होते ते मला ऐकू आलं," ती म्हणाली. एकेक शब्द ओढून काढत होती. मी गप्प राहा म्हटलं, तिनं मान हलवली. "खडीवर. तू म्हणत होतीस, मेली म्हणून. मला नाही भीती वाटली."

"का गं राणी?"

"बाबा निघाले होते ना."

ह्यांनी चेहरा हातांनी झाकून घेतला. मी मिलकाच्या अंगावरची चादर सारखी केली.  मग ते उठले, नळावर जाऊन हात धुतले, आणि त्या चार बायकांच्या देखत, उघड्या कपाळानं, मिलकाच्या खाटेशी पाय जुळवून उभे राहिले.